नवऱ्याने वाचलेली माझी गोष्ट

माझा नवरा मराठी बोलायचा, पण मराठी वाचायचा नाही, हे मला लग्नानंतर पंधरा-वीस दिवसांनी कळलं. माझ्या वडिलांनी मिरजेहून त्याच्या नावे पत्र पाठवलं होतं. त्याने ते फोडलं, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि माझ्या हातात दिलं.

"तूच वाच. मला स्वल्प टाइम लागतो."

मला वाटलं, थट्टा करतोय. पण ती थट्टा नव्हती. त्याचे पूर्वज कधी काळी म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार म्हणून आले आणि इथलेच होऊन गेले. पिढ्यान् पिढ्या घरात मराठी टिकली, पण ती तोंडातोंडी. त्याची शाळा कन्नड, कॉलेज इंग्रजी. शाळेत हिंदी होतं म्हणून देवनागरी अक्षरं ओळखीची, एवढंच. आणि घरातली मराठी तरी कशी, पहिल्या महिन्यात मला निम्मी कळेना. ‘उगाच’ म्हणायचं असलं की ‘सुम्ने’ म्हणायचे, ‘नको’ म्हणायचं असलं की ‘बेडा’, आणि जवळजवळ प्रत्येक वाक्याला शेवटी ‘अल्वा?’ जोडायचे. अल्वा म्हणजे ‘नाही का?’. "आज ऊन लई आहे, अल्वा?" असं सासूबाई म्हणाल्या की मी नुसती मान हलवायची.

मी मराठी घेऊन एम.ए. झाले होते. मिरजेत सकाळ-संध्याकाळ पुस्तकांबद्दल बोलायला चार मैत्रिणी होत्या. इथे म्हैसूरच्या विजयनगर भागात सासऱ्यांनी निवृत्तीनंतर प्लॉट घेऊन घर बांधलं होतं, आणि वास्तुशांत झाल्यावर वर्षाच्या आतच ते गेले. तेव्हा विजयनगर आजच्यासारखं भरलेलं नव्हतं. आमच्या घराच्या तिन्ही बाजूंना मोकळे प्लॉट, त्यांत एरंडाची झुडपं आणि लाल माती. वारा सुटला की खिडकीच्या गजांवर मातीचा थर बसायचा. नवरा सकाळच्या गाडीने नंजनगूडच्या कारखान्यात जायचा तो संध्याकाळच्या गाडीने परत यायचा. मधले सगळे तास मी आणि सासूबाई. त्यांना घरात सगळे अम्मा म्हणायचे, म्हणून मीही अम्मा म्हणू लागले. बाई मायेच्या होत्या. सून शिकलेली म्हणून मला कामाला हातही लावू देत नव्हत्या. त्यामुळे तर दिवस आणखीच लांबायचा.

पुढच्या वर्षी माझ्या मामेबहिणीच्या लग्नाला आम्ही दोघं मिरजेला गेलो. तिथे कुणीतरी नवऱ्याला विचारलं, "काय जावईबापू, काय चाललंय?" हा म्हणाला, "काही नाही, सुम्ने बसलोय." झालं! मांडवातली सगळी पोरं दिवसभर त्याच्या मागे ‘सुम्ने, सुम्ने’ करत फिरली. तो स्वतःही हसला. पण परत येताना गाडीत मला म्हणाला, "मला मराठी वाचायला शिकव."

आता मी त्याला ‘तो’ म्हणते. तेव्हा ‘अहो’ होतं.

मी लग्न होऊन येताना जुन्या दिवाळी अंकांचा एक गठ्ठा आणला होता. तो कारखान्यातून आला, हातपाय धुऊन कॉफी प्यायला, की आम्ही पुढच्या व्हरांड्यात बसायचो. सुरुवातीला तो जाहिराती वाचायचा, मग विनोद, मग हळूहळू गोष्टी. जोडाक्षर आलं की थांबायचा, ‘दृष्टी’पाशी तर त्याने चक्क हात टेकले. पण चिकाटीचा माणूस. पावसाळा सरेपर्यंत तो एक गोष्ट एका बैठकीत वाचायला लागला. एकदा अशीच गोष्ट संपवून त्याने अंक मांडीवर ठेवला.

"वाचलं. आता काय करायचं?"

"काय म्हणजे?"

"तू एवढी दोन वर्षं शिकलीस. वाचून झाल्यावर तुम्ही लोक काय करता?"

प्रश्न रास्त होता. मग मला सांगलीच्या कॉलेजातल्या माझ्या बाई आठवल्या. त्यांनी एकदा आम्हाला एका गोष्टीच्या पहिल्याच पानावर आठवडाभर बसवून ठेवलं होतं. त्या म्हणायच्या, गोष्ट आधी एकदा मोठ्याने वाचा, मध्ये तोंड उघडू नका. मग पुन्हा सावकाश वाचा. ‘लेखकाला काय म्हणायचंय’ हा प्रश्न दाराबाहेर चपलांबरोबर ठेवून या. पानावर काय लिहिलंय तेवढं सांगा. आणि काहीही सांगितलंत की त्या ओळीवर बोट ठेवा. आपल्याकडे बोलण्यावर बोट ठेवणं म्हणजे चूक काढणं, पण बाईंच्या वर्गात बोट ठेवता आलं नाही तर चूक तुमची.

मी नवऱ्याला हे सांगितलं आणि तीच गोष्ट पुन्हा काढली. एक माणूस बदली होऊन नव्या गावी जातो आणि भाड्याचं घर शोधतो, अशी साधी गोष्ट होती.

"हा घरमालक वाईट माणूस आहे," नवरा म्हणाला.

"बोट ठेवा."

त्याने पान वरून खाली पाहिलं, उलटलं, परत आला. "हे बघ. ‘तो एक नंबरचा लबाड आहे.’"

"हे कोण म्हणतंय?"

"पानवाला."

"मग हे कुणाचं मत झालं?"

"पानवाल्याचं." तो विचारात पडला. मग एकदम खुलला. "म्हणजे गोष्ट काही म्हणतच नाही! मीच पानवाल्याचं ऐकलं, अल्वा?"

त्या दिवसापासून त्याला या खेळाचा नादच लागला. गाडीत अंक घेऊन जायचा. संध्याकाळी आला की बूट काढता काढता सांगायचा, आज काय सापडलं ते. कोणता शब्द परत परत येतो ते बघायचं. कोण कुणाशी बोलतं आणि कसं बोलतं ते बघायचं. जे यायला हवं होतं आणि आलं नाही, तेही बघायचं. हे सगळं मी त्याला एकेक करून दिलं. आणि बाईंचा शेवटचा नियमही दिला, की लेखकाच्या घरात डोकवायचं नाही. त्याचं लग्न सुखाचं होतं का, तो कर्जात होता का, हे आपल्याला कर्तव्य नाही. जे पानावर आहे तेवढंच आपलं.

"हे बरं आहे," तो म्हणाला. "सुम्ने कुणाच्या घरात कशाला जा."

आता माझ्या गोष्टीकडे येते. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात, दुपारी अम्मा झोपल्या की मी एक कथा लिहीत असे. ती सांगलीच्या एका छोट्या दिवाळी अंकाकडे पाठवून दिली आणि विसरून गेले. पहिल्या वर्षी काहीच कळलं नाही. दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या आधी आठवडाभर, पोस्टाने अंकच घरी आला. आत माझी गोष्ट छापलेली.

अम्मांना काय आनंद झाला! त्यांना मराठी अक्षर वाचता येत नव्हतं, पण त्यांनी अंक देवापुढे ठेवला आणि त्याला हळदकुंकू वाहिलं. शेजारच्या गल्लीतल्या कन्नड बायकांना बोलावून दाखवला. संध्याकाळी नवरा आला, त्याने अंक हातात घेतला, उलटापालटा केला आणि म्हणाला, "आता हीच घेऊया."



गोष्ट अशी होती. एका शाळेत शिकवणाऱ्या बाईच्या घराचं छप्पर दुरुस्तीला काढलंय, म्हणून ती काही दिवस लांबच्या नातेवाइकांकडे राहायला जाते. ती माणसं चांगली आहेत. तिच्यासाठी फडताळातली एक फळी रिकामी करून देतात. ही मात्र तिच्यावर काही ठेवत नाही. सकाळी केस विंचरते आणि फणी पुन्हा आपल्या पिशवीत टाकते. छप्पर दुरुस्त होतं, ती जायला निघते. बसस्टँडवर पिशवी उघडते तर आत फणी नाही. तिथेच गोष्ट संपते.

लिहिताना मी माझ्या मिरजेच्या शाळेतल्या एक बाई डोळ्यांपुढे ठेवल्या होत्या. अगदी प्रामाणिकपणे सांगते, मला ती माझी गोष्ट वाटली नव्हती. पण नवऱ्याने व्हरांड्यात बसून पहिला परिच्छेद मोठ्याने वाचायला घेतला आणि त्याच्या त्या अडखळत्या आवाजात स्वतःची वाक्यं ऐकताना मला दिसलं, आपण काय लिहून ठेवलंय. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. त्याने लग्नाआधीच कपाटाचा अर्धा भाग माझ्यासाठी मोकळा करून ठेवला होता. आणि माझ्या साड्या अजून मिरजेहून आणलेल्या बॅगेतच होत्या. लागेल ती काढायची, धुतली की घडी करून परत बॅगेत. कुणी काही म्हणत नव्हतं, आणि मलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

"आज एवढं पुरे," मी म्हटलं.

"पुरे का? एकच तर झाला."

"सावकाश वाचायचं असतं."

हे तर मीच शिकवलेलं, त्यामुळे त्याने मुकाट्याने अंक मिटला.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा बूटही न काढता पायरीवर बसला. "ती फणी," तो म्हणाला. "पहिल्या पानावर आहे. दुसऱ्यावर पण आहे. पाहुणे येतात त्या ठिकाणी पण आहे. फळी रिकामी आहे, पण फणी पिशवीत जाते."

"हो. आहे."

"मी सुम्ने नाही सांगत. बोट ठेवलंय."

त्याने खरंच बोट ठेवलं होतं. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पण तो पानाकडे पाहत होता.

त्यानंतरच्या संध्याकाळी त्याने आणखी एक काढलं. बाई स्वतःच्या घराबद्दल नुसतं ‘घर’ म्हणते. ‘घरचं छप्पर’, ‘घरी गेल्यावर’. पण राहत असते त्या घराला दर वेळी ‘ते घर’. ‘त्या घरी’, ‘त्या घरातली माणसं’. "ती आत बसलीये," नवरा म्हणाला, "आणि म्हणते, ते घर. ‘हे’ घर पण नाही." हे मी लिहिलं होतं, पण मला माहीत नव्हतं. लिहिताना तो शब्द आपसूक आला होता. एम.ए.ला असताना दुसऱ्यांच्या गोष्टींत मी असलं काही शोधून काढलं की फुशारून जायचे. आता माझीच गोष्ट कुणी उलगडत होतं आणि मला अंक मिटून टाकावासा वाटत होता.

कमाल अशी की, तो नियम पाळत होता. एकदाही त्याने ‘तू’ म्हटलं नाही. तो त्या बाईबद्दलच बोलत होता, मीही त्या बाईबद्दलच उत्तर देत होते, आणि स्वयंपाकघरातून अम्मांना ऐकू जात असेल तर त्यांना वाटत असेल, किती मन लावून अभ्यास चाललाय पोरांचा.

मग आला तो प्रसंग, जो मी पुढे आयुष्यभर माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आले. तो म्हणाला, "या गोष्टीत त्या घरची माणसं तिच्याशी कशी बोलतात, बघितलंस?"

"प्रेमाने बोलतात."

"प्रेमानेच. पण ऐक." आणि तो पानं उलटत, एकेका ओळीवर बोट ठेवत वाचत गेला. "बस. जेव. संकोच करू नकोस. अजून घे. पड जरा. हे नेस. तिकडे जाऊ नकोस, चिखल आहे. सगळं सांगतात. कुणी तिला काही विचारत नाही. आख्ख्या गोष्टीत एकच प्रश्न आहे. चहात साखर किती?"

मी अंक त्याच्या हातातून घेतला. पुन्हा पाहिलं. खरंच. त्या माणसांच्या तोंडी एकच प्रश्न होता, बाकी सगळ्या आज्ञा, तुपात घोळलेल्या आज्ञा. आत अम्मांनी हाक मारली, "या दोघं. जेवून घ्या आधी. गार होतंय." आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता उठलो.

त्या दिवशी मला वाटलं, आता तो बोलणार. पण तो बोलला नाही. उलट दुसऱ्या दिवशी, फक्त शेवटचा परिच्छेद उरलेला असताना, म्हणाला, "आज नको." त्याच्या पुढच्या दिवशीही, "आज दमलोय." मग अंक व्हरांड्यात यायचाच थांबला. तो कॉफी प्यायचा आणि मोकळ्या प्लॉटांकडे बघत बसायचा. माझी खात्री झाली की तो दुखावलाय. घरात कुणी मला एका शब्दाने दुखवलं नव्हतं, आणि मी मात्र त्यांच्या मायेचं हे असं काहीतरी करून छापून आणलं होतं. अम्मांनी तर त्याला कुंकू वाहिलेलं! मला जेवण जाईना. अम्मा म्हणाल्या, "दृष्ट लागली," आणि मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या.

त्या रविवारी अम्मांना तलकाडला जायचं होतं. त्यांचा काही नवस होता. आम्ही सकाळच्या बसने निघालो. देवदर्शन झालं, आणि मग अम्मांना ओळखीची एक बाई भेटली. दोघी देवळाच्या सावलीत बसून बोलू लागल्या. नवरा म्हणाला, "आम्ही नदीपर्यंत जाऊन येतो." वाळूत पाय रुतत होते. आम्ही निलगिरीच्या झाडांखाली एका उंचवट्यावर बसलो, तिथून कावेरी दिसत होती. आणि त्याने डब्याच्या पिशवीतून दिवाळी अंक काढला.

"हा इथे कशाला आणलात?"

"घरी अम्मासमोर नको वाटलं." त्याने शेवटचं पान उघडलं, पण वाचलं नाही. "मी हे आधीच वाचलंय. पहिल्याच दिवशी अंक ट्रेनमध्ये नेला होता. सगळी वाचली."

"मग रोज एकेक परिच्छेद?"

"शेवट यायला नको म्हणून."

मी त्याच्या हातातल्या उघड्या पानाकडे पाहिलं.

"शेवटी ती जाते, अल्वा?" तो म्हणाला. "छप्पर होतं आणि ती जाते. मी रोज ट्रेनमध्ये बसून तेवढंच वाचत होतो. ती जाते."

मी म्हटलं, "ती बाई. गोष्टीतली बाई."

"तेच म्हणतोय. गोष्टीतली बाई." आणि त्याने वाचायला सुरुवात केली. आता तो अडखळत नव्हता. बाई निरोप घेते. रिक्षा येते. बसस्टँडवर बाकावर बसून ती पिशवी उघडते. रुमाल, पाकीट, शाळेच्या किल्ल्या. पिशवीत फणी नव्हती. बस आली, ती उठली.

तो थांबला. मी म्हटलं, "विसरली बिचारी. एवढी जपत होती आणि शेवटी विसरली."

"कुठे लिहिलंय?"

"काय?"

"विसरली म्हणून. बोट ठेव."

"अहो, मी लिहिलीये गोष्ट. मला माहितीये, ती विसरली."

"लेखकाला विचारायचं नाही," तो म्हणाला. "तूच शिकवलंस. लेखकाच्या घरात जायचं नाही."

मी अंक घेतला आणि शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचला. मग त्याच्या आधीचा. ‘विसरली’ हा शब्द कुठेच नव्हता. ‘राहून गेली’ही नव्हतं. धक्का बसला, वाईट वाटलं, मागे वळून पाहिलं, असलं काहीच मी लिहिलं नव्हतं. फणी नव्हती आणि ती उठली, एवढंच.

"रोज न विसरणारी बाई शेवटच्या दिवशी कशी विसरेल?" नवरा म्हणाला. "मला वाटतं, ती ठेवून आली. त्या फळीवर. मुद्दाम. जायचं होतं म्हणून गेली, शाळा आहे तिची. पण पुन्हा यायचं म्हणून ठेवून आली. चूक असेल तर सांग. पण पानावर बोट ठेवून सांग."

मला पानावर बोट ठेवता येईना. मी लिहिताना ती विसरलीच होती, हे मी शपथेवर सांगू शकले असते. पण कागदावर जी बाई उतरली होती तिच्याबद्दल त्याचं म्हणणं माझ्यापेक्षा जास्त खरं होतं. मला एकदम इतकं हलकं वाटलं की मी हसायला लागले, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"आता मी नियम मोडतो," तो म्हणाला. त्याने माझ्या हातातला अंक मिटला. "तू जाणार काय?"

"नाही हो! कुठे जाऊ?"

"खरंच?"

"खरंच. मला जायचं नाहीये."

त्याने एवढा मोठा श्वास सोडला की मला तो अजून ऐकू येतो. मग बराच वेळ वाळू हातात घेऊन सोडत बसला. "मग तुला काय हवंय? घरी कुणी विचारलंच नाही, हे मला गोष्ट वाचून कळलं. मी पण नाही. आता विचारतोय. काय हवंय?"

एवढा मोठा प्रश्न दीड वर्षाने आला आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"मला चहा आवडतो," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तू रोज कॉफी पितीस."

"देतात म्हणून पिते."

"दीड वर्ष?"

"दीड वर्ष."

मग आम्ही दोघंही असे हसलो की खालून जाणारी माणसं वर बघायला लागली. हसण्यातून सावरल्यावर बाकीचंही बाहेर आलं. मला शिकवायचंय. दिवसभर नुसतं बसवत नाही. माझ्यासारखी मराठी बोलणारं कुणीतरी हवं, महिन्यातून एकदा तरी. आणि वर्षातून एकदा चांगले तीन आठवडे मिरजेला राहायचंय, पाहुणीसारखं दोन दिवस नाही. तो प्रत्येक गोष्टीला ‘सरी, सरी’ म्हणत गेला. सरी म्हणजे बरं, ठीक. कन्नडमधला हा शब्द मला तेव्हापासून फार आवडतो.

अम्मा आम्हाला शोधत वाळूतून धापा टाकत आल्या. माझे ओले डोळे बघून घाबरल्या. "काय झालं? रडतीस कशाला? बेडा, बेडा, रडू नको. उठ. आधी जेव." आम्ही पुन्हा हसायला लागलो, आणि त्या आमच्यावर चिडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतः स्टोव्हवर चहा ठेवला. पत्ती उकळून काळी झाली होती, दूध भलतंच पडलं होतं. अम्मा दाराशी उभ्या राहून बघत होत्या. त्याने त्यांना सांगितलं, हिला कॉफी आवडत नाही. अम्मांचा चेहरा उतरला. "मग बोलायचं नाही का ग?" त्या म्हणाल्या. "मी रोज सकाळी एवढी डिकॉक्शन काढते, आणि तू औषधासारखी पितीस?" नंतर त्यांनी शेजारणीकडून चहाची रीत शिकून घेतली. आलं इतकं घालायच्या की घशाला चटका बसायचा, पण त्याबद्दल मात्र मी कधी काही बोलले नाही.

नोकरी लगेच मिळाली नाही. मराठीच्या एम.ए.ला म्हैसुरात कोण विचारणार? पण शहरात जुन्या शिंपी कुटुंबांचं एक विठ्ठल मंदिर होतं, त्याच्या सभामंडपात रविवारी मुलांना मराठी वाचायला शिकवायला कुणी हवं होतं. नवऱ्याने कुठून तरी ऐकलं आणि मला सायकलवर मागे बसवून तिथे नेलं. मुलांबरोबर त्यांच्या आयाही येऊन बसू लागल्या. त्यांना भजनं शेकडो पाठ, पण डोळ्यांनी वाचलेली एकही नाही. तिथे मी पुन्हा बोट ठेवायला शिकवलं. दोन वर्षांनी एका शाळेत हिंदीची जागा निघाली आणि ती मला मिळाली. निवृत्त होईपर्यंत मी तिथेच होते.

अम्मांनी एके दिवशी स्वतःहून विचारलं, "तुझी ती गोष्ट मला कधी ऐकवणार? देवापुढं ठेवली, पण आत काय आहे कुणी सांगितलंच नाही." मला पुन्हा धाकधूक. पण मी वाचली, सगळी, सावकाश. त्या भाजी निवडत ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "पावणी बरी आहे, पण लई गप्प. त्या घरच्या बाईला काय कळणार तिच्या मनातलं? तिचं पण सांगायचं होतं." मी म्हटलं, "हो अम्मा, तिचं सांगायचं राहिलं." त्या म्हणाल्या, "दुसऱ्या गोष्टीत सांग," आणि भाजी घेऊन आत गेल्या. त्यांनी आमचं घर ओळखलं की नाही, मला कधीच कळलं नाही. ओळखलं असेल तरी त्यात राग नव्हता, आणि मला तेवढं पुष्कळ होतं.

आमचं व्हरांड्यातलं वाचन थांबलं नाही. त्याच दिवाळी अंकात माझ्या कथेनंतर एक रहस्यकथा होती, खानदानी हवेली, तिजोरी, मोतीबिंदू झालेला नोकर, सगळं काही. नवऱ्याने ती मोठ्या उत्साहाने काढली आणि दुसऱ्याच पानावर छातीठोकपणे सांगितलं, खून पुतण्याने केलाय. कशावरून, असं विचारलं तर म्हणाला, पुतण्या सोडून बाकी सगळ्यांना लेखकाने नीट कपडे घातलेत, याला नुसतंच उभं केलंय, काहीतरी लपवतोय. शेवटी खुनी पुतण्याच निघाला. तोवर अम्मांनाही गोष्टीत गोडी लागली होती. त्या रोज पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "पकडला काय त्याला?" आणि नवरा म्हणायचा, "थांब ग अम्मा, सावकाश वाचायचं असतं."